दुसऱ्या वर्षीच विद्यापीठ सोडून व्यावसायिक फुटबॉल: भाच्याने सही करावी का?

डावखुरा

प्रथम एक खुलासा. अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात त्याला मी येथे फुटबॉलच म्हणणार आहे. शिरस्त्राण घालून खेळल्या जाणाऱ्या खेळाशी या चर्चेचा संबंध नाही.

माझा भाचा नॉर्थ कॅरोलिनातील एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तेथील संघाकडून मधल्या फळीत खेळतो. लहानपणी तो ज्या क्लबच्या अकादमीत वाढला, त्याच क्लबने आता त्याच्यापुढे करार ठेवला आहे. माझी बहीण आणि मेहुणे दोघेही अभियंते असल्यामुळे घरात गेले तीन आठवडे सुतकी वातावरण आहे. माझे मत मात्र स्पष्ट आहे, ते असे की मुलाने सही करावी.

याचे कारण विद्यापीठीय फुटबॉलच्या रचनेत आहे. तेथील मोसम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्याने संपतो. या साडेतीन महिन्यांत वीसेक सामने, बहुतेकदा आठवड्याला दोन, असे कोंबलेले असतात. त्यानंतर वसंत ऋतूत काही सरावसामने होतात आणि उरलेले वर्ष व्यायामशाळेत जाते. बदली होऊन बाहेर गेलेला खेळाडू उत्तरार्धात पुन्हा मैदानात येऊ शकतो, आणि घड्याळ पंचेचाळीस मिनिटांपासून शून्याकडे उलटे चालते. म्हणजे थकलेल्या पायांनी शेवटची वीस मिनिटे काढण्याची जी विद्या या खेळात सर्वांत महत्त्वाची, तिचीच तेथे सवय होत नाही. एकोणिसाव्या वर्षी युरोपातील मुलगा दहा महिने प्रौढांशी झुंजत असतो.

क्लिंट डेम्प्सी फर्मन विद्यापीठात तीन मोसम खेळून बाहेर पडला, २००४ च्या ड्राफ्टमध्ये (म्हणजे लीगचे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत) न्यू इंग्लंड क्लबने त्याला आठव्या क्रमांकावर घेतले, पुढे तो इंग्लंडमध्ये फुलहॅम आणि टॉटेनहॅमकडून खेळला आणि अमेरिकेसाठी त्याने ५७ गोल केले. कॅनडाचा सायल लॅरिन कनेटिकट विद्यापीठात दोन मोसम खेळला, २०१५ मध्ये ऑरलँडोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि पहिल्याच मोसमात त्याने १७ गोल केले. जॅक हॅरिसन तर वेक फॉरेस्टमध्ये एकच मोसम थांबला. पदवी तिसाव्या वर्षीही घेता येते, पण एकोणिसावे वर्ष तिसाव्या वर्षी परत मिळत नाही.

हिशेबनीस

डावखुरा यांनी तीन नावे दिली, आणि तिन्ही नावे आपल्याला ठाऊक आहेत हीच या युक्तिवादातील खोट आहे. जो मुलगा विसाव्या वर्षी विद्यापीठ सोडून गेला, दोन मोसम राखीव संघात बसला आणि बाविसाव्या वर्षी मुक्त केला गेला, त्याचे नाव आपल्यापैकी कोणीही सांगू शकणार नाही.

आता आकड्यांकडे वळू. मेजर लीग सॉकर या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये २०२४ साली राखीव गटातील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ७१,४०१ डॉलर होते. विशीतील मुलाला हा आकडा मोठा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु कर, दलालाचा हिस्सा आणि मोठ्या शहरातील घरभाडे वजा केल्यावर जे उरते त्याची तुलना त्याच वयात पदवीधर होऊन नोकरीला लागणाऱ्या मुलाशी करावी, कारण त्या मुलाची नोकरी घोट्याच्या एका दुखापतीवर अवलंबून नसते. शिवाय क्लबच्या दुसऱ्या संघाचा, म्हणजे नेक्स्ट प्रो स्पर्धेचा करार असेल तर हा आकडाही लागू होत नाही. भाच्यापुढे ठेवलेला करार नेमका कोणत्या संघाचा आहे, हे आपण लिहिलेले नाही.

दुसरे असे की थांबलेल्यांचीही यादी आहे. टिम रीम सेंट लुईस विद्यापीठात चार वर्षे खेळला, २०१० मध्ये ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडला गेला, आणि पस्तिसाव्या वर्षी विश्वचषकात अमेरिकेच्या बचावफळीत उभा राहिला. मॅट टर्नर फेअरफील्ड या लहानशा विद्यापीठातून आला, त्याला ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नाही, तरी २०२२ मध्ये तो आर्सेनलमध्ये होता. (गोलरक्षक उशिरा पिकतात हे मला मान्य आहे, रीम मात्र गोलरक्षक नव्हता.) जॉर्डन मॉरिसचे उदाहरण तर भाच्याला अगदी जवळचे आहे. सिॲटल या घरच्या क्लबचा करार समोर असताना तो स्टॅनफर्डला आणखी एक वर्ष थांबला. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, विद्यापीठाचा विद्यार्थी असतानाच त्याने मेक्सिकोविरुद्ध राष्ट्रीय संघाकडून गोल केला, डिसेंबरात स्टॅनफर्डला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, आणि जानेवारीत सही केली. थांबल्याने त्याचे काय बिघडले?

दोन मुलींची आई

या चर्चेत मुलींचा उल्लेख नाही, आणि खरे तर हा प्रश्न आज त्यांच्याच बाबतीत अधिक तीव्र आहे. पहिल्या श्रेणीतील विद्यापीठांत वर्षानुवर्षे पुरुष संघाला ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि महिला संघाला १४ ची. त्या ९.९ शिष्यवृत्त्या पंचवीस-तीस मुलांत वाटल्या जात, त्यामुळे अनेक मुलगे अर्धीअधिक फी घरूनच भरत असत. मुलींच्या वाट्याला तुलनेने अधिक येत असे. विद्यापीठीय खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली असून तिच्या जागी संघात अठ्ठावीस खेळाडूंची मर्यादा आली आहे. पण पैसा किती द्यायचा हे शेवटी विद्यापीठच ठरवते. सांगायचा मुद्दा हा की मुलीने विद्यापीठ सोडले तर ती बहुधा अधिक काही सोडून जाते, आणि राष्ट्रीय महिला लीगमध्ये तिला किमान वेतन २०२२ साली ३५,००० डॉलर मिळत होते, तर २०२५ साली ४८,५०० डॉलर.

असे असूनही मुली जात आहेत. सोफिया स्मिथ स्टॅनफर्डमधून दोन वर्षांनी गेली आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवडली गेली. कॅटरिना मॅकारिओ दोनदा देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडू ठरून २०२१ च्या जानेवारीत थेट फ्रान्समधील लिओं क्लबकडे गेली. ट्रिनिटी रॉडमन महासाथीमुळे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडून एकही सामना न खेळता ड्राफ्टमध्ये उतरली. तिघींचेही चांगले झाले. परंतु त्या काळात अमेरिकेच्या लीगमध्ये येणाऱ्या मुलीला क्लब निवडण्याचा अधिकार नव्हता, क्लब तिला निवडत असे. २०२४ मध्ये लीगने ड्राफ्टच रद्द केला, तेव्हापासून मुलगी स्वतः बोलणी करू शकते, दोन क्लबांची तुलना करू शकते आणि नको म्हणू शकते. विद्यापीठ लवकर सोडावे की नाही यापेक्षा सोडताना मुलाच्या हातात काय असते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

माझ्या धाकटीच्या गुडघ्याचा अस्थिबंध दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात तुटला. शस्त्रक्रिया, नऊ महिने फिजिओथेरपी, आणि या सर्व काळात तिची अर्धी शिष्यवृत्ती विद्यापीठाने चालू ठेवली. त्या काळात ती जीवरसायनशास्त्र शिकत होती. हीच दुखापत एखाद्या क्लबमध्ये झाली असती तर करार संपताना तिला काय सांगितले गेले असते, याचा विचार मी आजही करते.

डावखुरा

हिशेबनीस यांचा पहिला आक्षेप योग्य आहे आणि तो मी स्वीकारतो. मॉरिसबाबत मात्र मला उलट वाटते. तो थांबला हे खरे, पण शेवटी गेला तो तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर, पदवी न घेताच. म्हणजे मतभेद केवळ बारा महिन्यांचा आहे.

आता कोणीही न मांडलेला एक मुद्दा. विद्यापीठाचा मोसम डिसेंबरात संपतो, ड्राफ्ट त्याच महिन्यात होतो आणि व्यावसायिक क्लबांचा सराव जानेवारीत सुरू होतो. त्यामुळे चारही वर्षे इमाने इतबारे खेळलेला मुलगासुद्धा, ज्याला आपण थांबलेला म्हणतो, अखेरचे सत्र वर्गाबाहेर काढतो किंवा हॉटेलच्या खोलीत ऑनलाइन पूर्ण करतो. अर्धवट सोडणे हा मुलांच्या उतावीळपणाचा दोष नसून बऱ्याच अंशी दिनदर्शिकेचा दोष आहे. मेजर लीग सॉकरने २०२७ च्या जुलैपासून मोसम उन्हाळ्यात सुरू करून पुढील मेमध्ये संपवण्याचे ठरवले आहे. मे महिन्यात पदवी घ्यावी आणि जुलैत क्लबमध्ये दाखल व्हावे, हे त्यानंतर प्रथमच सरळपणे शक्य होईल.

शिवाय लवकर येणाऱ्या निवडक मुलांसाठी लीगची जुनी योजना आहे. १९९७ मध्ये ती प्रोजेक्ट ४० या नावाने सुरू झाली आणि आज तिला जनरेशन आदिदास म्हणतात. तीत हमीचा करार आणि पुढील शिक्षणासाठी राखून ठेवलेला निधी असे दोन्ही असते. दोन मुलींच्या आईंनी जे विचारले, त्याचे उत्तर त्या योजनेने पूर्वीच दिले आहे.

पेठेतला गोलकीपर

मी कोल्हापूरचा; शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघाकडून अकरा वर्षे खेळलो आणि बी.कॉम. दुसऱ्या वर्षी सोडले ते कायमचेच. आमच्याकडे शिक्षणात एकदा खंड पडला की पोर हातचे गेले असे घर मानून मोकळे होते. अमेरिकेत तिशीतला माणूस पुन्हा वर्गात बसला तर कोणी वळूनही पाहत नाही, असे ऐकतो. ते खरे असेल तर आपल्या बहिणीला जी भीती वाटते ती आमच्या पेठेतली आहे, नॉर्थ कॅरोलिनातली नाही. करारात पैसे नीट असतील तर जाऊ द्यावे.

हिशेबनीस

परत जाता येते हे तत्त्वतः खरे आहे, पण कोण परत जातो? सत्ताविसाव्या वर्षी परतणाऱ्याला संघातील जागा नसते, कारण व्यावसायिक करारावर सही केल्यावर विद्यापीठाकडून खेळण्याची पात्रता साधारणपणे संपते. आणि पात्रता संपली की खेळाची शिष्यवृत्तीही संपते. जनरेशन आदिदासचा निधी मोजक्याच मुलांना मिळतो, आणि अकादमीतून थेट क्लबकडे जाणाऱ्या मुलाला तो आपोआप मिळतो असे समजणे चुकीचे ठरेल.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांसाठी तर हिशेब आणखी कठोर आहे, आणि येथे वाचणाऱ्या काही पालकांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून लिहितो. विद्यापीठ सोडले की तो व्हिसा टिकत नाही, क्लबला खेळाडूसाठीचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, आणि शिवाय परदेशी खेळाडूंसाठी असलेल्या मर्यादित जागांपैकी एक त्याच्यावर खर्च करावी लागते. अशा मुलाला क्लबने मुक्त केले तर त्याच्याकडे संघही नसतो आणि देशात राहण्याचा आधारही नसतो. आपला भाचा तेथेच जन्मला असल्यास हा प्रश्न नाही, हे मान्य.

म्हणून माझा प्रश्न एकच आहे, आणि तो मी तिसऱ्यांदा विचारणार नाही: करार कोणत्या संघाचा, आणि किती वर्षांच्या हमीचा?

डावखुरा

काल रात्री मेहुण्यांकडून करार मागवून घेतला; खरे तर धागा काढण्यापूर्वीच तो वाचायला हवा होता. करार दुसऱ्या संघाचा आहे. हमी एका वर्षाची आहे, पुढील दोन वर्षांचा पर्याय आहे, आणि तो पर्याय वापरायचा की नाही हे क्लबने ठरवायचे आहे. शिक्षणनिधीचे कलम नाही.

त्याने जावे या मतावर मी अजूनही आहे, पण या कागदावर नाही. दुसऱ्या वर्षाचीही हमी आणि उरलेल्या चार सत्रांची फी, या दोन गोष्टी लेखी मागाव्यात असे बहिणीला कळवले आहे. क्लबने नकार दिला तर तो ऑगस्टमध्ये विद्यापीठाकडूनच खेळेल. भाच्याला हे अजून सांगितलेले नाही. ते काम मेहुण्यांनी माझ्यावर सोपवले आहे.

दोन मुलींची आई

फीबरोबर दुखापतीचे कलमही मागून घ्यावे. करार संपल्यानंतरचे उपचार कोण करणार, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असू द्यावे.