राजदूत ३५०ला डिस्क आणि चांगले शॉकॲब बसवायचेत, सुरुवात कुठून करू?

आंबाघाट_एलटी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८६ची राजदूत ३५० आहे. एलटी, म्हणजे २७ हॉर्सपॉवरवाली. मामांनी सांगलीत सेकंडहँड घेतली होती, आता कागदपत्रांसह माझ्या नावावर आहे. इंजिनाचं काम गेल्या वर्षी पूर्ण केलं. क्रँक नव्यानं बांधला, दोन्ही सिलिंडर बोअर केले, ऑइल पंप सेट केला. गाडी झकास पळते.

थांबायची मात्र बोंब आहे. बहीण साखरप्याला दिलीय, त्यामुळे आंबा घाट नेहमीचा. उतरताना थ्रॉटल सोडला तरी टू-स्ट्रोक इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. काही वळणं झाली की पुढचा लिव्हर मऊ पडतो आणि जवळजवळ ग्रिपला टेकतो. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की लिव्हर दाबल्यावर आधी काहीच होत नाही, मग एकदम पकडतो. खड्ड्यात फोर्क ठक्कन तळाला बसतो आणि वळणात मागून गाडी डुलते.

एका मेकॅनिकनं पल्सर २२०चा जुना फोर्क दाखवला. म्हणाला, हेडस्टॉक (फ्रेमचा पुढचा पाइप, ज्यात हँडल फिरतं) थोडा कापून वेल्डिंग करू, दोन दिवसांत गाडी तयार. माझा जीव होत नाही. दुसरा म्हणतो, आहे त्याच फोर्कला पट्टी वेल्ड करून कॅलिपर (डिस्कला पॅडनं दाबून धरणारा भाग) लावू. ते तर त्याहून पटत नाही.

बजेट पन्नास हजार, टायर वेगळे. फ्रेम कापायची नाही एवढं पक्कं. ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी सांगा.

चाकणची_हवा

भावा, २२०चा सेटच घाल, पण पूर्ण घाल. ३७ मिमी जाडीचे पाइप, २६० मिमीची डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ब्रेक ऑइल दाबणारा) सगळं एकाच गाडीचं, म्हणजे जुळवाजुळवीची कटकट नाही. सुटे भाग कुठेही मिळतात. मागे पल्सरचेच गॅसचे शॉकॲब. माझ्या मित्राच्या यामाहा आरडीला असंच केलंय, १०० वरून दोन बोटांनी थांबते.

लेथवाला

चाकणच्या भावानं सांगितलेला सेट वाईट नाही. पण त्याआधी बरंच काही बघायचं आहे. माझं लेथचं काम शिरोलीला, आणि जुन्या यामाहा, येझ्दी, बुलेट यांचे हब, बुश, स्टेम करण्यात आयुष्य गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नकोस.

तुझी गाडी म्हणजे मुळात यामाहाची आरडी ३५०. जपानमधल्या आरडी ३५०ला पुढे डिस्क होती. इथे एस्कॉर्ट्सनं १९८३मध्ये गाडी आणली तेव्हा ७ इंची ड्रम दिला. पण तो साधा ड्रम नव्हे, ट्विन लीडिंग शू आहे. दोन्ही शू (ड्रमला आतून घासणारे) चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं ओढले जातात आणि स्वतःच स्वतःला आणखी दाबतात. नीट सेट केलेला हा ब्रेक कोरड्या रस्त्यावर पुढचं टायर किंचाळायला लावतो. तुझा तसा लागत नसेल तर तो ब्रेक मुळात सेटच नाही, आणि शंभरातल्या नव्वद गाड्यांचा नसतो. चढावर थांबलास आणि गाडी मागे घसरायला लागली की हाच ब्रेक पुरेसा धरत नाही, तो मात्र त्याचा स्वभाव आहे, दोष नाही.

आधी चाक काढ. ड्रम स्पोकसकट लेथवर चढवायचा. सुटा हब टर्न करून नंतर स्पोक ताणले की हब पुन्हा लंबगोल होतो, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. चाक बांधून, रिम सरळ करून, मग डायल लावून ड्रम आतून अगदी हलका घ्यायचा. जाडी फार उडवायची नाही. शूला नवीन लायनर चिकटवून घे आणि त्या लायनरची गोलाई त्याच ड्रमच्या मापाला घासून घे. नवा लायनर नुसता बसवला तर मधेच टेकतो, दोन्ही टोकं हवेत राहतात. तेवढ्याशा जागेवर सगळी उष्णता जाते. तुझा लिव्हर घाटात मऊ पडतो त्याचं मोठं कारण हेच असणार.

मग ब्रेक प्लेटवरचे दोन आर्म जोडणारा लिंक रॉड. त्याचा चेक नट ढिला कर, चाक हवेत ठेवून पहिला आर्म हळू दाब, शू टेकल्याचा आवाज येईल. दुसरा शू त्याच क्षणी टेकला पाहिजे. टेकत नसेल तर रॉडची लांबी फिरवून जुळव. शेवटी ॲक्सलचा नट ढिला ठेवून ब्रेक करकचून दाबून धर आणि तसाच दाबलेला असताना नट आवळ, म्हणजे प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. केबल नवी, जाड आणि कमी वळणं घेणारी. ब्रेक पूर्ण लागतो त्या वेळी केबल आणि आर्म यांच्यात काटकोन आला पाहिजे. आर्म त्याच्या पुढे गेला की तू कितीही दाब, जोर वाया.

हे सगळं चार-पाच हजारांत होतं. हे केल्यावरही डिस्क हवीशी वाटली तर जरूर घाल. आंब्याचा पाऊस आणि घाटातली उष्णता या दोन गोष्टींपुढे ड्रमचं शेवटी चालत नाही, हे मी मान्य करतो. डिस्क उघडी असते, एक-दोन फेऱ्यांत पाणी झटकते आणि लवकर निवते.

आता पट्टी वेल्ड करून कॅलिपर लावण्याबद्दल. हे कुणाकडूनही करून घेऊ नकोस, अगदी फुकट केलं तरी नको. हिशेब बघ. गाडी आणि तू मिळून साधारण २३० किलो. जोरात ब्रेक मारलास तर पुढच्या टायरवर दीडशे किलोचा ओढा सहज येतो. टायरची त्रिज्या ३१ सेंमी, डिस्कवर पॅड धरतो ती त्रिज्या साडेअकरा सेंमी. म्हणजे कॅलिपरच्या ब्रॅकेटवर चारशे किलोच्या आसपास जोर, तोही फोर्कच्या एकाच पायावर. तो पाय ओतीव ॲल्युमिनियमचा आहे आणि ड्रमच्या फोर्कवर कॅलिपरसाठी जागा ओतलेलीच नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथला धातू नरम पडतो आणि तडा आत वाढत राहतो, बाहेरून दिसत नाही. सुटला की ब्रॅकेट कॅलिपरसकट स्पोकमध्ये. पुढे काय होतं ते लिहीत नाही.

म्हणून डिस्क घालायची तर ती मूळ डिस्कच्या फोर्कसकट घालायची. दोन वाटा आहेत. एक म्हणजे जपानी आरडीचा पूर्ण पुढचा सेट, फोर्क, हब, डिस्क, कॅलिपर. गाडीचं रूप जसंच्या तसं राहतं, पण पन्नास हजारांत बसेल असं धरून चालू नकोस. दुसरी वाट पल्सरची, आणि इथे २२०पेक्षा मला पहिल्या पिढीची डिस्कवाली पल्सर पसंत आहे, २००१च्या सुमाराची. तिला स्पोकची १८ इंची चाकं होती, २४० मिमीची डिस्क होती आणि मीटरची केबल चाकातून यायची. तुझंही चाक १८, तुझंही मीटर केबलवर. २२०चं १७ इंची अलॉय चाक घातलंस तर पुढून गाडी खाली बसते आणि मीटर बंद पडतं.

हे खाली बसणं किरकोळ समजू नकोस. तुझ्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर साधारण १३२० मिमी. पुढून २५ मिमी खाली गेलं की हँडलचा कोन साधारण एक अंशानं उभा होतो, आणि त्याबरोबर ट्रेल (हँडलच्या कोनाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो. शहरात गाडी चपळ वाटते. साखरप्याच्या उतारावर खड्डा लागला की तेच हँडल हातात थरथरतं. त्यात दोन टींमधला (फोर्कचे पाइप धरणारे वरचा-खालचा क्लँप) पुढचा ऑफसेट वेगळा असला तर आणखी फरक. म्हणून जुना फोर्क काढण्याआधी ॲक्सलच्या मध्यापासून खालच्या टीपर्यंतचं अंतर मोजून ठेव, आणि स्टेमच्या (हेडस्टॉकमध्ये फिरणारी दांडी) मध्यापासून फोर्क पाइपच्या मध्यापर्यंतचं पण. नवा सेट या दोन मापांच्या जितका जवळ, तितका चांगला.

हेडस्टॉक कापायची काहीच गरज नाही. पल्सरच्या खालच्या टीमधला स्टेम प्रेस करून काढायचा आणि राजदूतच्या हेडस्टॉकच्या मापाचा नवा स्टेम टर्न करून बसवायचा. साधं एमएस (माइल्ड स्टील) वापरू नका, EN8 पोलाद किंवा त्याच्या वरचं घ्या. त्याच वेळी हँडलच्या बेअरिंगमधले सुटे छर्रे काढून टाक आणि कोनसेटच्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसव. गाडी सरळ ठेवणारं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

मागून डुलते म्हणालास. शॉकॲबकडे बघण्याआधी चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) बघ. चाक काढ, शॉकॲब खालून सोडव, चिमटा हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलव. खुट्ट झालं तर बुश गेलेत. यामाहाचे मूळ बुश प्लास्टिकच्या जातीचे, त्यांच्या जागी फॉस्फर ब्राँझचे करून घे आणि पिनही बदल. ब्राँझ बुश बसवलेली जुन्या शॉकॲबची गाडी घिसलेल्या बुशवर महागडे शॉकॲब लावलेल्या गाडीपेक्षा सरळ जाते. हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

कागदपत्र_सातारा

तांत्रिक बाजू लेथवाल्या दादांनी सांगितली, मी कागदांचं सांगतो, कारण हा भाग सगळे शेवटी ठेवतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीनं ठरवलेल्या मापांपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. फ्रेम कापून वेल्ड करणं, चेसिस नंबरच्या आसपास हात लावणं, हे पूर्ण वर्ज्य समजा. हेडस्टॉकवर नंबर असतो हे त्या मेकॅनिकला आठवण करून द्या. फोर्क-ब्रेकच्या बदलाबद्दलही काम सुरू करण्याआधी तुमच्या आरटीओत विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

दुसरी गोष्ट पुढची आहे. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिसमध्ये किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. तुमच्या गाडीला ते वय २०३६मध्ये येईल. म्हणून मूळ फोर्क, ड्रम, ब्रेक प्लेट, मागचे शॉकॲब, अगदी नटबोल्टसुद्धा तेल लावून, कापडात बांधून, नावाची चिठ्ठी लावून ठेवा. एका दिवसात गाडी पुन्हा मूळ रूपात उभी करता आली पाहिजे, असाच बदल करा.

आंबाघाट_एलटी

सगळ्यांचे आभार. दादा, तुमचं वाचून रविवारी गाडी उघडली. चिमटा खरंच खुट्ट करतो, बोटाला जाणवेल इतका. लिंक रॉडही बघितला, खालचा शू बऱ्याच उशिरा टेकतोय. म्हणजे आजवर एकाच शूवर घाट उतरत होतो. आरटीओत जाऊन विचारायचं ठरवलंय.

ड्रम आणि बुश आधी करतो. मग पहिल्या पल्सरचा सेट शोधतो. दोन शंका उरल्यात. कॅलिपर एका गाडीचा आणि मास्टर सिलिंडर दुसऱ्या गाडीचा मिळाला तर चालेल का? आणि फोर्क मिळेपर्यंत आहे तो तळाला बसतोय त्याचं काय करू?

लेथवाला

मास्टर सिलिंडरचं गणित सोपं आहे. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ भागिले मास्टरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ. समज, फ्लोटिंग कॅलिपरला २५ मिमीचे दोन पिस्टन आहेत आणि मास्टर १२.७ मिमीचा, तर गुणोत्तर पावणेआठच्या जवळ येतं. लिव्हर थोडा जास्त आत येतो पण हाताला कमी जोर लागतो. त्याच कॅलिपरला मोठ्या गाडीचा १५.९ मिमीचा मास्टर लावलास तर गुणोत्तर पाचवर येतं. लिव्हर दगडासारखा कडक लागतो, लोक खूश होतात की काय ब्रेक आहे, आणि प्रत्यक्षात गाडी थांबवायला दीडपट जोर लागतो. शक्यतो दोन्ही एकाच गाडीचे घे. मास्टर, कॅलिपर दोन्हींचे सील नवे घाल, जुना रबरी होज वापरू नकोस. ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरच्या टाकीवर लिहिलेल्या डॉट नंबरचंच, आणि दर दोन वर्षांनी बदल. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि तुझ्या घाटात हवेत पाणीच पाणी.

फोर्कचं तोपर्यंत असं कर. दोन्ही पाय रिकामे कर, रॉकेलनं धू, नवे सील, आणि १५ नंबरचं फोर्क ऑइल दोन्हीकडे मोजून एकसारखं भर. वरून ओतून अंदाजानं नको. स्प्रिंग काढून दोन्ही शेजारी उभ्या ठेव, लांबी वेगळी भरली तर जोडीच बदल. मग फोर्कच्या पाइपवर झिप टाय बांध, गाडी पूर्ण वर उचलून टाय सीलला टेकव, तू नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसकट बस आणि हलकेच उतर. टाय किती सरकला बघ. पूर्ण चालीच्या पावापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सरकला तर ठीक. त्याहून जास्त असेल तर स्प्रिंगवर पीव्हीसी पाइपचा तुकडा काटकोनात कापून ठेव, आधी १० मिमी, मग पुन्हा मोज. खूप वाढवू नकोस, नाहीतर खड्ड्यात चाक खाली उतरणारच नाही.

मागचे शॉकॲब शेवटी घे. मूळ शॉकॲबच्या दोन डोळ्यांमधली लांबी मोज आणि त्याच लांबीचे घे. उंच घेतलेस की पुन्हा हँडलचा कोन उभा. डोळ्यातल्या बुशचं भोक वेगळं असेल तर मला सांग, स्लीव्ह टर्न करून देतो.

बुश करायला येशील तेव्हा चिमटा, जुनी पिन आणि दोन्ही बाजूंचे वॉशर सोबत आण. नुसता चिमटा आणू नकोस, मापं पिनेवरून घ्यायची असतात. सोमवारी शिरोलीत वीज नसते, मंगळवारी ये.