पफर आणि ट्रिगरची टाकी, पाणी काही केल्या नितळ राहत नाही

खारा_नवखा
नमस्कार मंडळी, माझी ५०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, खाली सम्प (फिल्टरची वेगळी टाकी), त्यात स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि सिरॅमिक रिंग्ज (चांगले जिवाणू वाढायला). मासे तीनच, एक पॉर्क्युपाइन पफर, एक नायजर ट्रिगर आणि एक स्नोफ्लेक ईल. ८ महिने झाले टाकी सुरू होऊन. तिघंही खाताना नुसती सांडलवंड करतात, पफर तर कोळंबी कचाकच चावतो, निम्मी बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून चुऱ्याचा धूर निघाल्यासारखा निघतो. रोज एकदा गोठवलेली कोळंबी, माकूळ किंवा शिंपल्याचं मांस देतो. माशांच्या घाणीतून होणारे अमोनिया, नायट्राइट शून्य पण शेवटी साचणारं नायट्रेट ८० पीपीएम. पाणी पिवळट तर कायमच असतं आणि गेला आठवडाभर वर दुधी धुरकटपणा पण आलाय. महिन्याला १० टक्के पाणी बदलतो. मोठा फिल्टर घ्यावा की यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) लावावा? पफर माझा फार लाडका आहे, काचेला नाक लावून बघत बसतो आणि मला तो धुक्यातून दिसतो, जीव तुटतो हो.

प्रवाळवेडी
दादा, फिल्टरचं नंतर बघू, आधी खाणं टाकीत कसं जातं ते बघा. गोठवलेली कोळंबी एका वाटीत टाकीचंच पाणी घेऊन फ्रीजमध्ये वितळवा आणि मग ती वाटी उजेडात धरून बघा, पाणी गढूळ गुलाबीसर झालेलं असतं, वर तेलकट तवंग. हे सगळं तुम्ही रोज टाकीत ओतताय आणि मासा त्यातलं काहीच खात नाही, ते थेट नायट्रेट आणि फॉस्फेटच्या खात्यात जातं. बारीक चहाच्या गाळणीत ओता, आरओच्या पाण्याखाली खालून स्वच्छ पाणी पडेपर्यंत धुवा, मग द्या.

दुसरं म्हणजे तुकड्याचा आकार. पफरला एका घासात जाईल एवढाच तुकडा द्या, मोठा दिला की तो चावत बसतो आणि चुरा होतो. कवचवाली शिंपली बंद करू नका बरं का, त्याचे दात सतत वाढतात, झिजायला कडक काहीतरी लागतंच, फक्त तासाभराने रिकामी कवचं आणि उरलेलं मांस काढून घ्या. खायला देताना रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर टाकीत पाठवणारा) १० मिनिटं बंद, चिमट्याने एकेकाला तोंडाशी द्यायचं, मग उरलेलं लांब पिपेटने शोषून घ्यायचं आणि मगच पंप चालू (हो, पंप परत चालू करायचं अजिबात विसरू नका). पंप चालू ठेवून खायला दिलं तर चुरा दगडांच्या मागे जाऊन बसतो आणि तिथेच सडतो. आणि तिघांना एकच वेळापत्रक नको. ट्रिगरला रोज थोडं थोडं लागतं, निसर्गात तो प्लवक टिपत फिरतो. मोठ्या पफरला दिवसाआड चालतं, ईलला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. पफर काचेशी येऊन भीक मागणार, मागू द्या, तो पोट भरलेलं असलं तरी मागतो.

फेस_मास्तर
ताईंचं शंभर टक्के बरोबर. पिवळटपणाचं मी सांगतो. टाकीतलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, शेजारी दुसऱ्या पांढऱ्या बादलीत नवीन कालवलेलं खारं पाणी, फरक लगेच कळेल. हा रंग विरघळलेल्या सेंद्रिय घाणीचा असतो, कुठल्याही स्पंजने जाणार नाही, त्याला अॅक्टिव्हेटेड कार्बनच पाहिजे. आधी धुऊन घ्या नाहीतर काळी पूड टाकीभर होते, आणि पाणी त्याच्यातून वाहील अशा जागी ठेवा, नुसती पिशवी सम्पच्या कोपऱ्यात टाकून उपयोग नाही. ३-४ आठवड्यांनी बदला.

स्किमर कितीचा आहे? असे मासे असतील तर डब्यावर ५०० लिटर लिहिलेला ५०० ला पुरत नाही, दुपटीचा घ्या. पण घेण्याआधी आहे त्याची मान (फेस जिथून वर चढतो ती नळी) पुसा. आतून बोट फिरवून बघा, चिकट थर लागेल, तो थर असला की फेस वर चढतच नाही. मी दर दोन दिवसांनी पुसतो. तेलकट खाणं दिल्यावर फेस काही तास बसतो, घाबरून स्क्रू फिरवत बसू नका, आपोआप येतो. फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) वापरत असाल तर २-३ दिवसांनी बदलायचाच, आठवडाभर ठेवलात तर अडकलेलं सगळं त्याच्यातच कुजतं आणि पाणी त्याच्यातूनच गाळून जातं.

निळी_लाट
दुधी धुरकटपणा वेगळा विषय वाटतोय मला. अलीकडे रिंग्ज धुतल्यात का?

खारा_नवखा
हो!! दहा दिवसांपूर्वी सगळ्या रिंग्ज नळाखाली घासून घेतल्या, खूप गाळ होता म्हणून.

निळी_लाट
मग हेच ते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने रिंग्जवरचे चांगले जिवाणू मेले, इकडे खाणं भरपूर, त्यामुळे पाण्यात मोकळे तरंगणारे जिवाणू माजलेत. आपसूक निवळेल पण तोपर्यंत हे जिवाणू ऑक्सिजन खूप खातात, रात्री एअर स्टोन लावा, एक पॉवरहेड (टाकीत प्रवाह देणारा छोटा पंप) पृष्ठभागाकडे वळवा, खाणं निम्मं करा आणि अमोनिया रोज तपासा. पुढच्या वेळी रिंग्ज थोड्या थोड्याच, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात हलवून घ्यायच्या. यूव्हीने हा दुधीपणा लवकर जाईल हे खरं, पण चुरा, पिवळा रंग, नायट्रेट यांना तो हातही लावत नाही, त्यामुळे सध्या तरी त्यावर खर्च नको.

पाणी बदलण्याचा हिशोब बघा, ८० वर १० टक्के बदललं तर ७२ होतं आणि महिन्यात मासे ते परत भरून काढतात. आठवड्याला २० टक्के करा. नवीन पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवा, घनता आणि तापमान टाकीशी जुळवून मगच ओता. एकदम निम्मं बदलू नका, माशांना झटका बसतो.

खारा_नवखा
तीन आठवड्यांनी परत आलोय. दुधीपणा पाचव्या दिवशी गेला. कार्बन लावल्यावर दोन दिवसांत पिवळा रंग उतरला, बादल्या शेजारी ठेवून बघितल्या, फरक ओळखू येत नाही. नायट्रेट ४५ वर आलंय. आणि ताई, तुम्ही दगडांच्या मागे म्हणालात म्हणून ईल राहते तो दगड उचलून बघितला, खाली मूठभर कवचं आणि काळं पडलेलं कोळंबीचं मांस, वास असा की खोलीत थांबवेना. सायफनने सगळं काढलं. आता तिथे परत साचू नये म्हणून काय करू?

प्रवाळवेडी
दगड दोन छोट्या आधारांवर थोडा उचलून घ्या, खालून प्रवाह गेला पाहिजे, आणि एक पॉवरहेड मागच्या बाजूने त्या फटीत सोडा. आधार नीट चिकटवून घ्या पण, ईल खालून ढकलते आणि दगड तिच्याच अंगावर येऊ शकतो.