मदत हवी आहे : फोनवरचे मानसोपचार पुढे चालू ठेवता येतील का?

नमस्कार. आम्ही चिपळूणजवळच्या गावात राहतो. माझ्या दादाला बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) आहे, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. 2020 पर्यंत दर महिन्याला डॉक्टरांकडे पुण्याची वारी असायची. 25 मार्चला लॉकडाऊन लागला आणि त्याच दिवशी केंद्राच्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांच्या, मार्गदर्शक सूचनाही आल्या. मग डॉक्टर व्हिडिओवर बघायचे, चिठ्ठी व्हॉट्सॲपवर यायची, लिथियमची पातळी तपासायला रक्त इथल्याच लॅबमध्ये द्यायचो. रेंज फक्त गच्चीवर, त्यामुळे दादाचं बोलणं शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं, ते वेगळंच! तरी त्या दोन वर्षांत त्याची एकही गोळी चुकली नाही.

आता दवाखाना म्हणतो, दर महिन्याला समक्षच या. सहा-सात तासांचा एसटीचा प्रवास दादाला झेपत नाही. झोप मोडली की त्याचं बिनसतं, हे घरच्यांनाच माहीत.

14416 वर, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन केला होता. मराठीत बोलले, छान धीर दिला. पण आम्हाला हवाय तो नेहमीचा डॉक्टर.

दोन-तीन महिन्यांतून एकदा समक्ष आणि मध्ये व्हिडिओवर, असं कुणाचं चालू आहे का? डॉक्टरांशी हे कसं बोललात? आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात लिथियम नियमित मिळतं का? रत्नागिरी-सिंधुदुर्गकडच्यांनी जरूर सांगा. डोस बदलण्याचे सल्ले मात्र कृपया नकोत.