नाताळची तयारी आतापासून: खर्च आवरायचा आणि शेवटच्या आठवड्यातली धावपळ टाळायची, तर काय कधी करावं?

कॅम्पाचा कोपरा (बेळगाव)
घरात मोठी माणसं चार, मुलं दोन, पगार एकच. फराळ, केक, मुलांचे कपडे, चांदणी (कागदी आकाशदिवा), गोठा (येशूजन्माचा देखावा), भेटी धरून पंधरा हजारांच्या वर जायचं नाही असं ठरलंय. फराळाची ताटं वीस घरांत जातात. त्यातली निम्मी घरं लिंगायत आणि जैन, म्हणजे अंडं चालणार नाही. ओव्हन म्हणजे छोटा ओटीजी. गृहज्योतीची (कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेची) मर्यादा ओलांडायची नाही.
सगळी कामं २० तारखेनंतर अंगावर येतात आणि बाजारात मागतील तो भाव द्यावा लागतो. कुठला पदार्थ किती दिवस टिकतो आणि कुठलं काम कधी उरकावं, हे नीट माहीत असलेल्यांनी सांगा.

रविवार पेठ हिशेब
आधी ताटांचा आकडा पक्का करा, बाकीचा हिशेब त्याच्यावरनं निघतो. वीस ताटं, ताटाला पाव किलो, म्हणजे पाच किलो. घरात दीड-दोन किलो. एकूण सात. याच्या वर केलेलं जानेवारीत डब्यात मऊ पडून राहतं, आणि खर्च तिथंच वाढतो. ताटात पाच-सहा प्रकार हवेत असं काही नाही. शंभर ग्रॅम कुलकुल (वळून तळलेले गोड मैद्याचे तुकडे), तीन नेवऱ्या (करंज्या), दोन गुलाबफुलं (साच्यावर तळलेली) आणि दोसच्या (चणाडाळ-नारळाच्या) दोन वड्या ठेवल्या की ताट भरतं.

सामान तीन हप्त्यांत घ्या. न नासणारं ते पहिलं: मैदा साडेतीन किलो, साखर तीन किलो, तेल, खोबरं, खसखस, वेलची, मनुके. हे नोव्हेंबरच्या शेवटी रविवार पेठेत एकदम घ्या. गल्लीतल्या दुकानातनं पाव-पाव किलो आणलं की फरक कळत नाही, महिन्याअखेर कळतो. मैदा मात्र महिनाभराच्या वर ठेवू नका, आणि घेताना चाळणीत ओतून बघा, जाळी दिसली तर परत करा. तूप आणि लोणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ओले नारळ आणि अंडी त्या त्या पदार्थाच्या आदल्या दिवशी, आणि तेवढ्यासाठी पैसे वेगळ्या पाकिटात बाजूला काढून ठेवा. दिव्यांच्या माळा हव्या असतील तर दिवाळी संपली की लगेच घ्या, दुकानदाराला उरलेला माल काढायचाच असतो.

कपड्यांचं म्हणाल तर शिलाईचं कापड आत्ताच शिंप्याकडे टाका. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि शिंपी हाताला लागत नाही. १६ डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागला की लग्नं थांबतात, पण तेव्हा तुमच्या हातात आठवडाच उरतो. मुलांच्या कपड्यांना शिवणीत दोन इंच जास्त ठेवायला सांगा, पुढच्या नाताळला उसवून सोडता येतात.

भेटी फक्त मुलांना. मोठ्यांची चिठ्ठी काढा, एकानं एकालाच द्यायचं, रक्कम आधी ठरवून. हे आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी जाहीर करा. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. नंतर सांगितलं तर कुणीतरी आधीच खरेदी करून बसलेलं असतं, मग सगळ्यांनाच करावी लागते.

वडगावची अक्का
वरचा हिशेब बरोबर आहे, मी फराळाचं सांगते.

टिकण्याप्रमाणे उलटं मोजत या. कुलकुल कोरडे असले तर महिनाभर राहतात. सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या दोन-तीन आठवडे. गुलाबफुलं पंधरा दिवस, पण मोडतात. दोस आठवडाभर. ओल्या नारळाची नेवरी तीन दिवसांत आंबट होते, ताटात तिला घालूच नका. म्हणून कुलकुल ८ ते १० डिसेंबरला, नेवऱ्या १५ च्या आसपास, फुलं १८ ला, दोस २१ ला.

कुलकुल: एक किलो मैदा, १०० ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन, १५० ग्रॅम पिठी साखर, चमचाभर मीठ, आणि मळायला साडेतीनशे ते चारशे मिली नारळाचं दूध. दूध थोडं थोडं घाला, सगळं एकदम नको. अंड्याची गरज नाही, म्हणजे सगळ्या ताटांना एकच घाणा चालतो. पीठ पुरीपेक्षा जरा घट्ट. ओल्या फडक्याखाली अर्धा तास. दीड किलो मैद्याचे सव्वादोन किलोच्या आसपास होतात, तुम्हाला तेवढे पुरतात. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर वळताना शेवटची कड नीट दाबायची, नाही तर तेलात उघडतात. तेलात विरघळून चुरा होत असेल तर मोहन जास्त झालंय, दोन मुठी मैदा घालून परत मळा. बाहेरून लाल आणि आतून कच्चे राहत असतील तर आच मोठी आहे. पिठातल्या साखरेमुळे रंग लवकर चढतो, मध्यम आचेच्याही किंचित खाली ठेवा. वळायला वेळ लागतो, तेवढं काम पोरांना आणि सासूबाईंना एकत्र बसवून करून घ्या. साखरेचा पाक चढवायचा असला तर फक्त घरच्यांच्या वाट्याला चढवा, पाकातले लवकर ओलसर होतात.

नेवऱ्या: अर्धा किलो मैदा, दोन चमचे बारीक रवा, ५० ग्रॅम मोहन. सारण ३०० ग्रॅम सुकं खोबरं भाजून, २५० ग्रॅम पिठी साखर, ५० ग्रॅम खसखस, वेलची. चाळीसभर होतात. दोनदा करा. खोबरं गार झाल्याशिवाय साखर घालायची नाही, ऊन खोबऱ्यात साखर पाझरते आणि तीच नेवरी पुढं फुटते.

गुलाबफुलं: पाव किलो मैदा, ५० ग्रॅम तांदळाचं पीठ, १०० ग्रॅम साखर, ३०० मिली नारळाचं दूध. घावनाच्या पिठापेक्षा जरा दाट. साचा नवा घेऊ नका, गल्लीत एकाकडे तरी असतोच. नवाच असला तर रात्रभर तेलात बुडवून ठेवा आणि पहिली चार फुलं वाया जाणार असं धरून चाला. साचा तेलात चांगला तापला पाहिजे. पिठात बुडवला की चर्र आवाज आला तर बरोबर, पीठ घसरून खाली पडलं तर साचा गार आहे. आणि पाऊणच बुडवायचा. वरची कड पिठात गेली की फूल साच्याला टोपीसारखं बसतं, मग सुरीनं खरवडत बसावं लागतं.

तेलाबद्दल एक. एका बैठकीत एकापेक्षा जास्त प्रकार तळणार असाल तर आधी फुलं, मग कुलकुल, शेवटी नेवऱ्या. नेवरी फुटली की साखर तळाशी करपते आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके येतात. असा क्रम ठेवला तर दीड लिटरमध्ये भागतं. मांसाहारी काही ज्या तेलात तळलं ते तेल या कामाला घेऊ नका, शेजारी विचारतात आणि विचारणं रास्तच आहे. जैन घरांत ताट उजेडी पोचवा, सूर्य मावळल्यावर तिथं कुणी तोंडात घालणार नाही.

डबे पूर्ण गार झाल्यावरच लावायचे. नुसतं कोमट असताना झाकण लावलं की आत वाफ धरते, सगळा घाणा मऊ.

ओटीजीवाले काका (टिळकवाडी)
केक. ४०० ग्रॅम सुकामेवा (काळे मनुके, बेदाणे, टुटीफ्रुटी, संत्र्याच्या पाकवलेल्या साली) १५० मिली रममध्ये नोव्हेंबरच्या शेवटी काचेच्या बरणीत घाला. आठ-दहा दिवस पुष्कळ झाले, जूनपासून भिजवायची काही गरज नाही. मनुके धुतले असतील तर उन्हात खडखडीत वाळवून मगच, पाणी राहिलं की बुरशी येते. काजू-बदाम भिजवू नका, आयत्या वेळी घाला. रम नको असेल तर संत्र्याच्या रसात दहा मिनिटं मंद शिजवून गार करा, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरून टाका. रसात महिनाभर मुरवायला ठेवलं तर आंबून जातं.

पाव किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो साखर, पाच अंडी, दीड चमचा बेकिंग पावडर, दालचिनी-लवंग-जायफळ मिळून एक चमचा. रंगासाठी वेगळी १०० ग्रॅम साखर करपवून त्यात १०० मिली गरम पाणी, लांब उभं राहून ओता, उसळतं. तांबडा-काळपट रंग आला की लगेच पाणी. धूर निघाला तर कडू झालं, टाकून द्या, साखरच आहे.

हे सगळं एका खोल गोल डब्यात घालू नका. लहान ओटीजीत वरची सळई जवळ असते, वरून करपतं आणि मधे कच्चं राहतं. पावाच्या आकाराच्या दोन डब्यांत करा, १६० अंशांवर तास-सव्वातास, दोन्ही एकाच वेळी खालच्या फळीवर. पाऊण तासानंतर वर ॲल्युमिनियमचा कागद. तुकडेही सारखे पडतात. मेवा तळाशी बसत असेल तर तीन कारणं: रम निथळली नाही, लोणी वितळवून घातलं, किंवा मेव्याला दोन चमचे मैदा चोळला नाही. रमचा केक बटरपेपरात गुंडाळून थंडीत तीन आठवडे छान राहतो, म्हणून ५ ते १० डिसेंबरलाच करून मोकळे व्हा. बिनरमचा २१ ला.

बेकरीच्या भट्टीवर डबे द्यायचे असतील तर १५ च्या आत विचारून घ्या. शेवटच्या आठवड्यात त्यांचेच केक भट्टीत असतात.

आता वीज. ओटीजी १६०० वॅटचा धरा, दीड तासाला जास्तीत जास्त २.४ युनिट, एवढंच. चांदणीत नऊ वॅटचा एलईडी रोज सहा तास, तीस दिवसांत १.६ युनिट. तिथंच जुना ६० वॅटचा बल्ब घातला तर १०.८. कागदाची चांदणी त्यानं तापते ती वेगळीच. गृहज्योतीत तुमची २०२२-२३ ची सरासरी अधिक दहा टक्के एवढे युनिट फुकट. त्याच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त फरकाचे पैसे, २०० ओलांडले की त्या महिन्याचं बिल पूर्ण भरायचं. म्हणजे तुमची धास्ती केकमुळे नको, गिझरमुळे असावी. डिसेंबरच्या गारठ्यात तो रोज चालतो.

खानापूर घाट
गोठ्याला विकतचं काही लागत नाही. आमच्या भागात सुगी नोव्हेंबरात उरकते, मळणी झालेल्या खळ्यावर भाताचं पिंजर मागितलं तर कोण पैसे घेत नाही. घेतलं की दोन दिवस उन्हात टाका, किडे निघून जातात. गवतासाठी गहू किंवा नाचणी: रात्रभर भिजवून पसरट ताटात दोन बोटं मातीवर दाट पेरा. थंडीत बोटभर वाढायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून १२-१३ तारखेला. पहिले तीन दिवस झाकून, नंतर उजेडात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त झालंय. दिव्यांची माळ पिंजराला चिकटून नको, गोठ्याच्या बाहेरून फिरवा. मूर्तीचं बोट-कान तुटलं असेल तर शाडूत थोडा फेव्हिकॉल मळून लावा, एक दिवस वाळू द्या, मग रंग.

गावाकडनं किंवा मुंबई-पुण्याहून कोण येणार असेल तर रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते). २३ डिसेंबरची गाडी म्हणजे २४ ऑक्टोबर. आणि पाहुण्यांना लॉजवर उतरवायचा विचार असेल तर इथल्या सुवर्ण विधानसौधचं (कर्नाटक विधिमंडळाचं) हिवाळी अधिवेशन कधी आहे ते आधी बघा. ते बहुतेक डिसेंबरातच असतं, त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव विचारू नका. हायवेवर बंदोबस्तही असतो, बाजाराची फेरी त्या दिवसांत ठेवू नका.

कॅम्पाचा कोपरा
खूप उपयोगी. दोनच शंका. दोस दर वेळी एक तर चिकट राहतो नाही तर दगड होतो, हे का? आणि २५ ला जेवण काय ठेवावं, की मिस्सेहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावर चुलीपाशी उभं राहावं लागणार नाही?

वडगावची अक्का
दोस: अर्धा किलो चणाडाळ शिजवून पाणी पूर्ण निथळा आणि गुळगुळीत वाटा. पाणी राहिलं की ते आटवता आटवता साखरेचा पाक पुढं जातो आणि वडी दगड होते. साखर अर्धा किलो पुरे, पाऊण किलो घालतात त्यांचीच घट्ट होते. एक नारळ बारीक वाटून. गोळा कढईच्या कडा सोडून चमच्याभोवती फिरायला लागला की अजून चार-पाच मिनिटं, आणि थोडं बोटात घेऊन गोळी करून बघा, बोटाला लागली नाही तर उतरवा. चिकट राहतो तो ही शेवटची पाच मिनिटं गाळल्यामुळं. तूप शेवटी दोन चमचे. थाळीत थापून गरम असतानाच सुरीनं रेघा मारायच्या, वड्या गार झाल्यावर काढायच्या.

जेवणाला सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) करा, ते मुरल्यावरच चांगलं लागतं. २२ ला करून फ्रीजमध्ये, रोज एकदा उकळी. मटण-चिकनपेक्षा तेवढ्याच पैशात जास्त माणसांना पुरतं, कारण व्हिनेगरमुळं थोडं थोडंच वाढलं जातं. एक किलो डुकराच्या मांसाला २०० ग्रॅम काळीज, १०० मिली व्हिनेगर. मिरची ब्याडगी घ्या, रंग देते आणि पोरांना झोंबत नाही. मांस आधी अख्खं उकडून, गार करून मगच बारीक चिरा, ऊन असताना चिरलं तर तुकडे फाटतात. मांसवाल्याला १५ ला सांगून ठेवा.

सोबतच्या सान्नांचं (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या) पीठ आपल्या थंडीत गोव्यासारखं दोन तासांत वर येत नाही. यीस्ट घालून रात्रीच भिजवा, आणि भांडं बंद ओटीजीत आतला दिवा लावून ठेवा. दिवा नसेल तर शेजारी गरम पाण्याचा तांब्या. पीठ दुप्पट झाल्यावर ढवळायचं नाही, पळीनं वरच्यावर उचलून वाट्यांत घालायचं.