मदत हवी आहे: वजन ६४ किलो, तरी बॉडी फॅट ३१ टक्के?

नमस्कार मंडळी. वय ४३, उंची १७० सेंमी, वजन ६४. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२ येतो, म्हणून मी निवांत होतो. रोज उपवन तलावाला दोन फेऱ्या, बस्स. गेल्या आठवड्यात घराजवळच्या जिममधल्या मशीनवर उभा राहिलो तर चरबी ३१ टक्के! घरच्या काट्यावर सकाळी २६, रात्री जेवल्यावर वेगळंच काहीतरी. हे काटे अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात, पाणी कमीजास्त झालं की आकडा हलतो, एवढं कळलं. मग खरं काय मानायचं?

खरी काळजी पोटाची. हातपाय काडीसारखे, पण कंबर ९४ सेंमी, आणि आपल्याकडे पुरुषांसाठी ९० ची मर्यादा सांगतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ५.९ आलंय, वडिलांना मधुमेह. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी जास्त घातक म्हणतात ते हेच का? (बायको म्हणते, आधी वडापाव बंद कर, मग प्रश्न विचार.)

ठाण्यात कुणी डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी अंगातली चरबी, स्नायू, हाडं मोजणारी तपासणी) केलाय का? खर्च किती आला? की टेप लावून कंबर मोजत राहणं पुरे? वजन न घटवता नुसती चरबी कुणी उतरवली असेल तर जरूर सांगा. डॉक्टरांकडे शनिवारी जातोय, त्यांना नेमकं काय विचारू?