पोलॉकचे शिंतोडे छापले, पण कुर्ता चादरीसारखा दिसतोय

कैरी_हिरवी:
फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात. कलेक्शनसाठी अमूर्त अभिव्यक्तिवाद घेतलाय, म्हणजे १९४०-५० च्या दशकांतली न्यूयॉर्कची अमूर्त चित्रकला. त्यातल्या जॅक्सन पोलॉकचं ‘ऑटम रिदम’ हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून कागदावर शिंतोडे उडवले, स्कॅन केले, क्रेपवर डिजिटल प्रिंट करून घेतलं आणि कुर्ता शिवला. मॅडम म्हणाल्या, “कापड छान आहे, पण पेंटिंग कुठंय?” मलाही तेच वाटतंय. हातभर अंतरावर तोच निळा ओघळ परत येतो, एकदा डोळ्यांत बसला की दुसरं काही दिसतच नाही. चित्रकाराकडून नेमकं घ्यायचं तरी काय?

उरेब:
कैरी, ओघळ परत आला तिथेच पोलॉक संपला. ‘ऑटम रिदम’ १९५० चं, सव्वापाच मीटर लांब. कॅनव्हास जमिनीवर पसरून, भोवती फिरत त्याने वरून पातळ रंग सोडला. रेष कुठे जाड, कुठे बारीक, ते हात किती वेगात गेला त्यावर. तुझे कागदावरचे शिंतोडे मनगटातून आलेत, त्याचे खांद्यातून आणि पावलांतून. मोठे करून छापलेस तरी ते मनगटाचेच राहणार.

१९५१ मध्ये छायाचित्रकार सेसिल बीटनने ‘व्होग’ या फॅशन मासिकासाठी पोलॉकच्या चित्रांपुढे मॉडेल उभ्या करून फोटो काढले. फोटो देखणे आहेत, पण गाउनला चित्राचं काही लागलेलं नाही. छापील कापडाचंही तसंच होतं.

मी कटिंगच्या टेबलावर आयुष्य काढलंय, म्हणून सांगते, त्याच काळातली चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलर बघ. १९५२ मध्ये ‘माउंटन्स अँड सी’ करताना तिने कॅनव्हासला प्राइमर, म्हणजे रंग मुरू न देणारा आधीचा थर, लावलाच नाही. टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग कोऱ्या कापडावर ओतला. रंग धाग्यात मुरला, कडेने तेलाची वलयं उमटली. आपल्या धंद्याला याहून जवळचं चित्र मला माहीत नाही.

मांजरपाट घे. उकळून खळ पूर्ण काढ, नाहीतर रंग जागोजाग अडतो. पोशाख आधी काप, खांदे आणि एक बाजू शीव, उघडा पसर आणि मग रंग सोड. रंग शिवण ओलांडून गेला पाहिजे. थानावर रंगवून नंतर कापलंस तर पाठ-पोट जोडताना डाग शिवणीवर तुटतो. कुठून कुठे उतरायचा ते डमीवर खडूने आधी ठरव. मुंढ्याखालून कमरेकडे गेलेला डाग अंग बारीक दाखवतो, पोटावर मधोमध आलेला नजर तिथेच धरून ठेवतो. रंग धाग्याच्या वाटेने पसरतो, म्हणून उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, कापलेल्या घेरात तो अंगावर तिरका उतरतो. ते बघायला मला आजही फार आवडतं.

नीळ_मंजिष्ठ:
तैलरंग कापडावर नको, कडक होतो आणि तेलाने सूत कुजतं. सुताच्या धाग्याशीच जोडला जाणारा रिॲक्टिव्ह डाय वापर. कापड सोडा ॲशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) पाण्यात भिजवून वाळव, रंग सोड, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ओलं राहू दे. मग गार पाण्यात खळबळ, शेवटी गरम साबणाच्या पाण्यात. जिथे कड धरून ठेवायची तिथे रंग दाट करणारं अल्जिनेट घाल. तुझं क्रेप पॉलिएस्टरचं असेल तर त्यावर हा रंग चढणारच नाही.

कैरी_हिरवी:
ताई, दादा, मनापासून आभार. पण सगळेच पोशाख ओल्या डागांचे झाले तर? आणि आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे या विषयात बसतील का?

उरेब:
एकाच चित्रकारावर थांबू नकोस. पोलॉकची बायको ली क्रॅस्नर, तीही चित्रकार, तिने १९५० च्या दशकात स्वतःची न पटलेली चित्रं फाडून, कापून त्यांची नवी कोलाज केली. छापील कुर्ता उसव, त्याचे तुकडे मांजरपाटावर चढवून शीव. दोन तुकड्यांत तोच ओघळ शेजारी येऊ देऊ नकोस.

गायतोंडे जरूर घे, पण न्यूयॉर्कवाल्यांचे शिष्य म्हणून नको. जे. जे.चे विद्यार्थी, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथले अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्को यांना भेटले. पण अमूर्ताकडे ते त्याआधीच वळले होते. रोलरने रंग लावायचा आणि पॅलेट नाइफने काढायचा, अशी त्यांची रीत. कापडात ते काम डिस्चार्जने, म्हणजे रसायनाने रंग उडवून, होतं. गडद रंगवलेल्या सुती कापडातून रंग काढत काढत उजेड आणायचा. त्यांचं चित्र मात्र छापू नकोस. ते २००१ मध्ये गेले, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

डिस्चार्ज करताना खिडक्या उघड्या ठेव, हातमोजे घाल. आधी एका तुकड्यावर कर. सगळेच काळे रंग पांढऱ्यापर्यंत उडत नाहीत, काही तांबूस होऊन थांबतात. तसा काळा मिळाला तर सोडू नकोस, त्याचाच एक पोशाख कर.