गॅरेजच्या दाराचं मशीन: दुरुस्त करू की नवीन घेऊ?

फडातला_नोव्हीकर

मंडळी, आठवडाभर मिशिगनच्या थंडीत पहाटे साडेसहाला गॅरेजचं दार हाताने उचलतोय. कंबर धरलीय, म्हणून पाल्हाळ कमी करतो.

मशीन १९९८ चं, अर्ध्या हॉर्सपॉवरचं, साखळीवालं. घर २०११ साली घेतलं तेव्हा ते घराबरोबरच आलं. दोन गाड्यांचं १६ फुटी लोखंडी दार आहे. मागच्या मंगळवारी बटण दाबलं तर मोटर नेहमीसारखी गुरगुरली, वरचा दिवाही लागला, पण साखळी ढिम्म. थोड्या वेळाने मशीन आपलं आपण गप्प झालं.

दुरुस्तीवाला बोलावला. त्याने खाली उभं राहून दोनदा बटण दाबलं. शिडी गाडीतून उतरवलीसुद्धा नाही. म्हणाला, मोटर गेली, एवढ्या जुन्याला हात लावण्यात अर्थ नाही, नवीन बसवून ६८० डॉलर. पाहणीचे ८९ डॉलर घेतले आणि गेला.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते वाळवा तालुक्यात असतात, विहिरीवरच्या मोटरी सांभाळण्यात त्यांची हयात गेली. ते आवाज ऐकून एवढंच म्हणाले, "फिरतीया न्हवं? मग गेली कशी म्हणतोय त्यो?"

मी पोटापाण्यासाठी गाड्यांच्या गिअरबॉक्सची ड्रॉइंगं तपासतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं बायकोचं म्हणणं आहे. तिचं दुसरं म्हणणं असं की आपली झोपायची खोली गॅरेजच्या बरोबर वर आहे, तेव्हा या निमित्ताने बेल्टवालं मशीन घ्या.

काय करू? उघडून बघू की ६८० मोजू?

तेलपाणी

तुमच्या बाबांना साष्टांग नमस्कार.

मोटर फिरते आणि साखळी हलत नाही, याचा अर्थ मधला गिअर गेला. मोटरच्या दांड्यावर एक वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) असतो, तो एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गिअरला फिरवतो आणि त्या गिअरच्या दांड्यावर वर साखळीचं चाक. वर्षानुवर्षांनी प्लॅस्टिकचे दाते सोलून निघतात. प्लग काढा (बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा), कव्हर उतरवा. आत खोबऱ्याच्या किसासारखा पांढरा चुरा पडलेला दिसला की समजा निदान झालं. गिअर, चाक आणि ग्रीस असा संच तीसेक डॉलरला मिळतो. पहिल्यांदा करत असाल तर तीन तास धरा. त्यातला एक तास खाली पडलेला स्क्रू शोधण्यात जातो.

मोटर नुसती घूं करून फिरलीच नसती, तर मी कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला धक्का देणारा भाग) बघा म्हणालो असतो. ते वेगळं दुखणं.

आणि प्लॅस्टिकचा म्हणून गिअरला नावं ठेवू नका. तो झिजला म्हणून मोटर वाचली.

एडिसनचा_कढीपत्ता

मी नवीनच घ्या म्हणेन, पण माझं कारण वेगळं आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, ते डोळे आहेत का? मध्ये काही आलं की दार उलटं वर जातं, ते? १ जानेवारी १९९३ नंतर अमेरिकेत बनलेल्या घरगुती मशीनला ही सोय कायद्याने सक्तीची आहे. आमचं १९९१ चं होतं, डोळे नव्हते. मुलगी रांगायला लागली त्याच आठवड्यात ते काढून टाकलं. चालू होतं, चांगलं होतं, तरी काढलं.

तुमचं १९९८ चं म्हणजे डोळे असणार. असतील आणि चालत असतील तर माझा मुद्दा निम्मा बाद. उरलेला निम्मा वहिनींच्या झोपेचा. बेल्टवालं खरंच शांत असतं.

फ्रीमाँटची_मावशी

अहो नोव्हीकर, तुमची कंबर का धरली हे इथे कुणीच कसं विचारलं नाही?

दार धड असेल तर मशीनखाली लोंबणारी लाल दोरी ओढून मशीनपासून सोडवल्यावर ते एका हाताने वर जायला हवं. मी पासष्ट वर्षांची आहे, मी उचलते. दाराचं वजन मशीन उचलतच नाही, दारावरच्या आडव्या दांड्यावरची स्प्रिंग उचलते. मशीन नुसतं ढकलतं. स्प्रिंग ढिली पडली की सगळा भार बिचाऱ्या गिअरवर. आमच्याकडे याच अज्ञानात आठ वर्षांत दोन मशीनं बदलली, तिसऱ्या वेळी आलेल्या मुलाने स्प्रिंग दाखवली.

साधारण स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार उघडझापींचं धरतात. दिवसाला चार वेळा म्हटलं तर सात वर्षं. तुम्ही २०११ पासून कधी बदललीत?

आता जरा ओरडून सांगते. आधी दार बंद असताना आत उभे राहून वर बघा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत कुठे फट दिसतेय का? दिसली तर दार हाताने उचलणंसुद्धा थांबवा आणि दार उघडं असताना ती लाल दोरी अजिबात ओढू नका, दार धाडकन खाली येतं. स्प्रिंग स्वतः बदलायला जाऊ नका. गिअर बदलताना फार तर हात काळे होतील, स्प्रिंग हात मोडते.

(आमच्याकडे कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून नव्या मशीनला बॅटरी सक्तीची आहे, वणव्यात वीज गेली तरी लोकांना गाडी बाहेर काढता यावी म्हणून. तुम्हाला त्याची सक्ती नाही, पण नवीन घेतलंत तर बॅटरीवालं बघा. बर्फाच्या वादळात वीज तुमचीही जातेच.)

फडातला_नोव्हीकर

मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून तसाच खाली गेलो. दोन स्प्रिंगा आहेत. डावीकडची मधोमध तुटलीय, दोन बोटं जाईल एवढी फट. आठवडाभर मी तिच्याखाली उभा राहून दार उचलत होतो आणि मनात म्हणत होतो, वय झालं.

बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "डिसेंबरात रात्री केवढा मोठा आवाज झाला होता! तुम्ही म्हणालात छतावरचा बर्फ पडला." म्हणालो होतो खरा. उठून बघायचा कंटाळा.

म्हणजे महिनाभर ते अर्ध्या हॉर्सपॉवरचं मशीन एका स्प्रिंगच्या जिवावर दार ओढत होतं आणि मग त्याचे दाते गेले. कव्हर उघडलं, आत खोबऱ्याचा किस. तेलपाणी, उपमा तंतोतंत. आता मला त्या ६८० वाल्याचा राग येतोय तो वेगळ्याच कारणाने. त्याने नवीन मशीन त्याच तुटक्या स्प्रिंगवर बसवलं असतं, कारण त्याने वर मान करून बघितलंच नव्हतं.

तेलपाणी

दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलून घ्या. तिच्यासोबत बसवलेली दुसरी तेवढीच म्हातारी आहे. आणि दाराखालचा रबर रात्री जमिनीला गोठून चिकटतो का बघा. तुमच्याकडे हे नक्की होत असणार. चिकटलेलं दार मशीनने उपटायला लावलं तर नवा गिअरही जाईल.

फडातला_नोव्हीकर

निकाल सांगतो.

दुसऱ्या माणसाकडून दोन्ही स्प्रिंगा बदलून घेतल्या, ३४० डॉलर. त्याने दार गुडघ्यापर्यंत उचलून सोडलं, जागेवर राहिलं. छातीपर्यंत उचलून सोडलं, तरी राहिलं. मग मला म्हणाला, तू कर. एका हाताने झालं. मावशी, लाज वाटली.

गिअरचा संच २८ डॉलर. शनिवारी रात्री नऊला बसलो, साडेबाराला उठलो. साखळी काढण्याआधी फोटो काढून ठेवला होता, म्हणून वाचलो. बाबा तिकडे सकाळचा चहा घेत कॉलवर हजर. दर दहा मिनिटांनी, "गिरीस लावलंस का?" शेवटी त्यांना दिसेल असं बोटाने लावलं. मग दाराखाली दोन-बाय-चार इंची फळी आडवी टाकून दार बंद करून पाहिलं. फळीला टेकलं आणि उलटं वर गेलं. डोळ्यांपुढे झाडू धरून पाहिला, तेही ठीक.

कढीपत्ता, बेल्टचा विषय संपलेला नाही. दार हलकं झाल्यापासून आवाज बराच कमी झालाय असं मी म्हणतो. बायको अजून काही म्हणालेली नाही.

एक नवीन भानगड मात्र आहे. आता रिमोट लांबून चालत नाही. गाडी अगदी दाराला टेकवली तर चालतो. भिंतीवरचं बटण व्यवस्थित. गिअर बसवताना रिमोटची तार वगैरे काही दुखावली असेल का?

तेलपाणी

कव्हर लावताना मशीनमधला बल्ब बदललात का? कुठला घातलात?

फडातला_नोव्हीकर

एलईडी. घरात पडलेला होता, म्हटलं वीज वाचेल.

तेलपाणी

काढा. काही एलईडी बल्बांमुळे रिमोटच्या लहरींमध्ये खरखर येते आणि मशीनला रिमोट ऐकूच येत नाही. जुना पिवळा बल्ब लावा, नाहीतर खास गॅरेजच्या मशीनसाठीचा एलईडी मिळतो तो आणा.

फडातला_नोव्हीकर

काढला. रस्त्याच्या वळणावरून चाललं.

बाबांना हे सांगितलेलं नाही.